ऑर्गन फक्त आधाराला नसतो

कॅरोल्समध्ये (नाताळच्या गाण्यांमध्ये) चर्चमधला ऑर्गन सुराला आधार देण्यापुरताच असतो, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधला २४ डिसेंबरचा कार्यक्रम ऐका (१९१८ पासूनची परंपरा, बायबलमधली नऊ वाचनं आणि मधेमधे कॅरोल्स). सुरुवातीच्या कॅरोलचं पहिलं कडवं एकटा मुलगा गातो, दुसरं गायकवृंद, दोन्ही साथीविना. तिसऱ्याला ऑर्गन येतो. तोवर सूर जराही उतरला असेल, तर तिथे उघडा पडतो!

आणि संगीतकार डेव्हिड विलकॉक्स यांनी 'ओ कम, ऑल ये फेथफुल' या कॅरोलचं शेवटचं कडवं कसं बांधलंय पाहा. चाल तीच, सगळे एकाच सुरावटीत गातात, पण 'वर्ड ऑफ द फादर' या शब्दांवर ऑर्गनचा असा कॉर्ड (एकत्र वाजणारे अनेक स्वर) येतो की दरवेळी अंगावर काटा येतो. ती किमया पूर्णपणे ऑर्गनची आहे.