मदत हवी आहे: साइक्स आडनावाचे मूळपुरुष किती?

नमस्कार मंडळी. लीड्स, हडर्सफील्ड भागात कुणी राहत असेल तर फार मदत होईल.

साइक्स हे अस्सल यॉर्कशायरचं, म्हणजे उत्तर इंग्लंडातलं आडनाव. मध्यपूर्वेच्या वाटणीच्या 1916 च्या साइक्स-पिको करारामुळे आपल्यालाही ऐकून माहीत आहे. साइक म्हणजे लहानसा ओहोळ, बरेचदा शेतांच्या बांधावरून वाहणारा. तिथल्या पेनाइन डोंगररांगेच्या उतारांवर असे ओहोळ पावलोपावली. तेव्हा आडनावही ठिकठिकाणी वेगवेगळ्या लोकांना पडलं असणार, असं कुणीही म्हणेल. पण ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी 2000 साली स्वतःच्याच आडनावाच्या 48 पुरुषांचं वाय गुणसूत्र (जे फक्त बापाकडून मुलाकडे जातं) तपासलं, तर जवळपास 44 टक्क्यांत एकच नमुना निघाला! शेकडो वर्षं बापाकडून मुलाकडे आडनाव आणि गुणसूत्र जोडीनं चालत आलं. हे वाचल्यापासून विषय डोक्यातून जात नाही. मग उरलेले कोण? दत्तक आलेले, आईचं आडनाव लावणारे, की खरोखरच वेगळी घराणी?

1881 च्या जनगणनेत या आडनावाची दाटी वेस्ट रायडिंगमध्येच, म्हणजे यॉर्कशायरच्या पश्चिम भागात दिसते. आजचं चित्र कुठे पाहायला मिळेल? मतदारयाद्यांवरून केलेले आडनावांचे नकाशे कुणी वापरलेत का, आणि ते कितपत भरवशाचे?

दुसरं, त्याच भागातल्या वेकफील्ड मॅनरचं (जुन्या जहागिरीचं) 1274 पासूनचं न्यायदप्तर लीड्स विद्यापीठात आहे. बाहेरच्या माणसाला ते पाहू देतात का? मूळ नोंदी लॅटिनमध्ये आहेत, त्यामुळे छापील इंग्रजी खंड कुणाकडे असतील तर कृपया सांगा.