मित्राला सुतक नसते : खान्देशातून आलेले अनुभव

आवाहन

घरातले माणूस गेले की प्रत्येकाचे काम ठरलेले असते. अग्नी कोणी द्यायचा, दारावर, म्हणजे भेटायला येणाऱ्यांसोबत ओट्यावर, कोणी बसायचे, गंधमुक्तीला, म्हणजे सुतक संपवण्याच्या विधीला, दुखवट्याचा आहेर कोणाकडून यायचा, हे भाऊबंदांत कोणाला विचारावे लागत नाही. मित्र मात्र या व्यवस्थेत कुठेच बसत नाही. त्याला सुतक नसते, त्याच्या घरी भेटायला कोणी येत नाही, आणि पत्रिकेवर सर्वांत खाली ‘समस्त मित्रपरिवार’ एवढ्या दोन शब्दांत त्याची बोळवण होते. ज्यांचा मित्र किंवा मैत्रीण ऐन उमेदीत गेली, त्यांनी त्या दुःखाला आपल्या आयुष्यात कोठे जागा दिली, हे लिहावे अशी विनंती आम्ही केली होती. नावे लिहू नयेत, आणि मृत्यूचे वर्णन गरजेपुरतेच करावे, एवढीच अट होती. आलेले लेखन फारसा हात न लावता पुढे देत आहोत.

रावेर तालुका, केळी उत्पादक

आमची शेते बांधाला बांध लागून होती. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती, म्हणून मोटार सुरू करून तो मळ्यातल्या खोलीत जमिनीवरच झोपला आणि तेथे त्याला मण्यार चावली. मण्यारीच्या दंशाची जागा सहसा सुजत नाही, फारशी दुखतही नाही. पहाटे पोटात दुखू लागले तेव्हा त्याला ते अपचन वाटले आणि पापण्या जड होऊन मिटू लागल्यावर घरच्यांच्या लक्षात आले. तोपर्यंत बराच वेळ गेला होता.

त्याची बाग तेव्हा कापणीला आली होती. केळीचा घड कोणाचे सुतक पाळत नाही. माल झाडावर पिवळा पडू लागला की व्यापारी त्याला हात लावत नाही. दारावर बसलेल्या प्रत्येकाला हे कळत होते, परंतु त्याच्या वडिलांसमोर कापणीचा विषय काढायला कोणी धजावत नव्हते. नातेवाइकांना तसे करणे अवघड होते, कारण शोकाच्या घरात पैशाची गोष्ट काढली असा ठपका आला असता. मित्राला तो ठपका परवडतो. मी विचारले, “आबा, गाडी बोलावू का?” ते म्हणाले, “बोलाव.” पुढचे दिवस आम्ही दोघे-तिघे सकाळी त्याच्या बागेत आणि दुपारी त्याच्या ओट्यावर असायचो.

ठिबकच्या फिल्टरशेजारच्या पत्र्यावर त्याने जाड काळ्या पेनाने लिहून ठेवले होते : ‘वरचा कॉक आधी. घाई करू नये.’ ही सूचना त्याने स्वतःसाठीच लिहिली असावी, कारण आमच्यात घायकुता तोच होता. आता शेती त्याचा धाकटा भाऊ पाहतो, आणि पाणी सोडताना तोही आधी पत्र्याकडे पाहतो. मळ्यात मुक्काम करणाऱ्यांनी खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी, हे मी भेटेल त्याला सांगतो. काही जण हसतात. त्यांना मी खुशाल हसू देतो.

भुसावळ

मी थोडक्यात लिहितो. आमचा मित्र गेला त्याच संध्याकाळी चौकात फलक लागला. त्यावर त्याचा फोटो लहान आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे होते. त्यांपैकी निम्म्यांना तो ओळखतही नव्हता. आम्ही दुसऱ्या दिवशी घरच्यांची परवानगी घेऊन तो उतरवला. यापलीकडे आम्ही काही केले नाही, आणि करायला हवे होते असेही मला वाटत नाही.

नंदुरबार, परिचारिका

नर्सिंगच्या वसतिगृहात माझी खोलीसोबतीण धडगावकडची, पावरा या आदिवासी समाजातली मुलगी होती. तिला सिकलसेल होता. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडांत असह्य कळा येतात. शरीरातले पाणी कमी झाले, थंडी वाजली किंवा ताप आला की हे दुखणे उसळते. म्हणून पाण्याची बाटली तिच्या हातातून कधी सुटत नसे. परीक्षेच्या वर्गात बाटली नेऊ द्यावी यासाठी तिने स्वतः अर्ज लिहिला होता, आणि त्यात आजाराची माहिती इतकी नेमकी दिली होती की आमच्या बाईंनी तो अर्ज पुढे वर्गात वाचून दाखवला. होळीला ती काहीही झाले तरी घरी जायची आणि परत आल्यावर रात्ररात्र ढोलाचे वर्णन करायची.

शिक्षण संपण्याआधीच, हिवाळ्यात, छातीतल्या संसर्गाने ती गेली. तिच्या गावी मी पोहोचले तेव्हा सर्व विधी आटोपले होते. तिच्या आईची भाषा मला नीट येत नव्हती, माझी त्यांना येत नव्हती. तिची वही मी त्यांच्या हातात दिली.

आज मी तपासणी शिबिरांत काम करते. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै 2023 मध्ये सुरू झाले, त्यानंतर तपासणीचा व्याप वाढला. दोघेही वाहक असलेल्या, म्हणजे स्वतः आजारी नसून आजाराचे जनुक बाळगणाऱ्या, जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, हे मी लग्नाच्या वयातल्या मुलामुलींना समजावते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही, हे त्यांना पटवणे सर्वांत अवघड जाते. तिने अर्जात वापरलेली वाक्ये मी जशीच्या तशी वापरते, कारण त्यांहून सोपी मला अजून सुचलेली नाहीत.

जळगाव, निवृत्त प्राध्यापक

दारावर येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : कसे झाले? मित्राच्या वडिलांना मी तीच हकिकत इतक्यांदा सांगताना पाहिले की शेवटी ते ती पाठ केल्यासारखी म्हणू लागले. तो कसा जगला हे कोणी विचारले नाही.

आमच्या जिल्ह्यात या प्रश्नाचे जुने उदाहरण आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म 1890 साली धरणगावचा. 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष कीर्तिकर यांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली, आणि 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ मालगाडीखाली त्यांचा अंत झाला. तो अपघात होता की आणखी काही, यावर शंभर वर्षे चर्चा चालली आहे. माझा मित्र त्या चर्चेवर फार चिडायचा. “रुळांचे सोडा, कविता म्हणा,” असे तो म्हणायचा आणि नंतर स्वतःच बेसूर चालीत म्हणू लागायचा. त्याचे निधन झाले तेव्हा तो तिशीही ओलांडून गेला नव्हता. कशाने गेला, ते मी येथे लिहिणार नाही. तो असता तर त्याला तेच आवडले असते.

नंदुरबार, व्यापारी

आमच्या गावात 9 सप्टेंबर 1942 रोजी पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे साथीदार लालदास, धनसुखलाल, शशिधर व घनश्यामदास हुतात्मा झाले. गाव ती नावे एका दमात घेते. शिरीषकुमारचे एकट्याचे नाव घेतले तरी बाकीची मनात येतातच. शाळेत असताना मी आणि माझा मित्र त्या दिवसाच्या प्रभातफेरीत शेजारी-शेजारी चालायचो. मित्र गेल्यावर मला त्या पाच जणांच्या स्मारकाबद्दल जे वाटते, ते आधी कधी वाटले नव्हते : तेथे सोबत्यांनाही जागा आहे.

अमळनेर तालुका, गृहिणी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी आणि माझी मैत्रीण माहेरी यायचो. गौराईची गाणी, निंबाचा झोका आणि रात्री उशिरापर्यंत गच्चीवर गप्पा, हा ठरलेला कार्यक्रम. ती बाळंतपणात गेली. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. पुढच्या आखाजीला तिची घागर कोणाकडे भरायची हा प्रश्न आला. रिवाजाने ती सासरी भरली जाणार हे उघड होते आणि तिच्या सासरच्यांनी सर्व यथासांग केले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्या दिवशी काकू, म्हणजे तिची आई, स्वयंपाकघरात नुसत्या बसून राहिल्या होत्या. लेकीसाठी करण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते, आणि माझ्याकडे तर त्याहून नव्हते.

मी कुंभारवाड्यातून घागर आणली. वर ठेवायला डांगर (खरबूज), सांजोऱ्या आणि आंबे काकूंनी काढून दिले. आगारी, म्हणजे विस्तवावर नैवेद्य, टाकताना गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे लागते. काकूंना ते उच्चारता येईना, तेव्हा मी घेतले. गल्लीतल्या एका आजींनी विचारले, “तू तिची कोण लागतेस?” काकू आतूनच म्हणाल्या, “लागते.” त्यानंतर दर आखाजीला मी आधी काकूंकडे जाते आणि मग आमच्या घरची घागर भरते. आमच्या वहिनींना हे आवडत नाही, पण त्या बोलत नाहीत.

धुळे

आम्ही वर्गमित्रांनी भावनेपेक्षा हिशेबाकडे लक्ष दिले. मित्राची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. सुकन्या समृद्धी खाते पालकच उघडू शकतो, म्हणून वहिनींनी ते टपाल कार्यालयात उघडले. मुलीचे वय दहा वर्षे होण्याआधी ते उघडावे लागते आणि वर्षाला किमान 250 व कमाल 1,50,000 रुपये भरता येतात. वर्गणी एकाकडे जमते आणि मार्चअखेरच्या आत तो भरणा करून पावतीचे छायाचित्र सर्वांना पाठवतो. कोणी किती दिले हे वहिनींना सांगायचे नाही असे ठरले आहे. मुलगी मोठी झाल्यावर तिला सांगायचे की नाही, यावर मात्र दरवर्षी वाद होतो. एकाचे म्हणणे आहे की तिला वडिलांचे मित्र माहीत असायला हवेत. दुसरा म्हणतो, उपकाराचे ओझे कशाला. यंदाही निर्णय झाला नाही, रक्कम मात्र भरली गेली आहे.