विकासदर ५.४ टक्के, तरीही सेन्सेक्स वर: घाबरणारी माणसे अडाणी आहेत का?

मूळ मत (नागपूर): २९ नोव्हेंबर २०२४ ला दुसऱ्या तिमाहीचा (जुलै ते सप्टेंबर) देशाचा विकासदर ५.४ टक्के जाहीर झाला. रिझर्व्ह बँकेचा अंदाज ७ टक्क्यांचा होता. दोन दिवस लोकांनी मंदीची हाकाटी केली आणि सोमवारी सेन्सेक्स ४४५ अंकांनी चढला. गुंतवणूकदार विचार करतो, अडाणी माणूस घाबरतो.

शेतकरी, दारव्हा तालुका: हे वाचून राहवले नाही. बाजार चढला त्यामागे, एवढा वाईट आकडा आल्यावर रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो व्याजदर, कमी होईल, ही आशाही होती. ६ डिसेंबरला रेपो ६.५ टक्क्यांवरच राहिला, फक्त सीआरआर (बँकांनी ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा रोख वाटा) ४ टक्क्यांवर आला, आणि खुद्द रिझर्व्ह बँकेने वर्षाचा अंदाज ७.२ वरून ६.६ टक्क्यांवर आणला. मग घाबरलेले चुकले कुठे?

त्याच तिमाहीत शेतीची वाढ ३.५ टक्के दाखवली आहे. ही वाढ स्थिर, म्हणजे एका ठरावीक वर्षाच्या, किमतींनी मोजतात. म्हणजे वावरात दोन पोती जास्त झाली आणि भाव कोसळला, तरी कागदावर वाढच दिसते. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना मी ३,९५० ने विकले, कारण खरेदी केंद्रावर ओलावा १४ टक्के भरला, मर्यादा १२ ची होती आणि थ्रेशरवाला मळणीच्या पैशांसाठी दारात उभा होता. नोव्हेंबरच्या मध्यात ती मर्यादा १५ झाली, तोवर माझा बहुतेक माल गेला होता.

अडत व्यवसाय, वाशीम: भाऊ, ओला माल गोदामात तापतो, बुरशी धरतो आणि वजनात तूट येते, ती कोणी सोसायची? चार दिवस उन्हात घातला असता तर ही वेळ आली नसती.

शेतकरी, दारव्हा तालुका: सोंगणीच्या दिवसांत पाऊस आला की वाळवायचे कुठे? एकाच पोत्यातले दाणे एका दुकानात १३ भरतात आणि शेजारच्या दुकानात १५. यंत्र तुमचे, आकडा तुमचा, आणि शिकवणही आम्हालाच! हे ऐकून घेणार नाही.

शिक्षिका, आर्णी: मला नागपूरच्या दादांचे अर्धे पटते. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी पडला, तेव्हा मी भीतीपोटी म्युच्युअल फंडाची सगळी रक्कम काढली आणि पुढची सगळी चढण हुकली. पण माझा पगार दरमहा येतो, म्हणून मला थांबता आले असते. ज्याचे वर्ष एका हंगामावर चालते, त्याने कशाच्या बळावर थांबावे?

अडत व्यवसाय, वाशीम: यंत्रांची तपासणी वरचेवर व्हावी, एवढे मान्य करतो. सगळे अडते लुबाडतात, हे मान्य नाही.

मूळ मत (नागपूर): ‘अडाणी’ हा शब्द मागे घेतो. एका तिमाहीच्या आकड्यावर गुंतवणूक मोडू नये, हे मत मात्र कायम आहे.

शेतकरी, दारव्हा तालुका: मोडायला गुंतवणूक असावी लागते. घरात नऊ पोती उरली आहेत. उद्या केंद्रावर नेतो आणि ओलावा किती भरला ते इथेच लिहितो.