फुकट वकील आहे, पण जिल्ह्याला
तालुका कोर्टात गरीब आरोपीसाठी वकील हवा म्हटलं की ‘गरिबाला फुकट वकील मिळतोच, वेगळी यंत्रणा कशाला?’ असं विचारलं जातं. मिळतो ना! १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाचा दाखलाही मागत नाही. पण पॅनलवरचा, म्हणजे या फुकट मदतीच्या यादीतला वकील तुटपुंज्या मानधनावर, स्वतःच्या केसेस सांभाळून येतो. आरोपीशी पहिली भेट कित्येकदा कोर्टाच्या व्हरांड्यात, पुकारा व्हायच्या जरा आधी. २०२२मध्ये पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आली, त्यांना खाजगी केसेस घेता येत नाहीत, हे बरंच झालं. मात्र त्यांचं ऑफिस जिल्ह्याच्या ठिकाणी. गडचिरोली जिल्ह्यातल्याच सिरोंचा तालुक्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास! मोहाच्या दारूत धरलेल्याची बायको मजुरी बुडवून तिथं जाणार कशी? रिमांडच्या दिवशी असा वकील तालुका कोर्टातच हवा, सोबत तिथल्या आदिवासींची माडिया बोली समजणारा कोणीतरी.