लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नाही आणि सेटअप म्हणतो त्याचा ड्रायव्हर द्या

मल्हारगंज_इंदूर:
बाबांच्या दुकानातलं बिलाचं जुनं सॉफ्टवेअर विंडोज ७ शिवाय चालत नाही, आणि तो कॉम्प्युटर पावसाळ्यात बसला. भावाचा २०१३ चा लॅपटॉप पडून होता तो घेतला, पण त्याला डिस्कचा ड्राइव्ह नाही. विंडोजची ओरिजनल डीव्हीडी आहे, घालू कुठे? मित्राच्या पीसीवर तिची आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) बनवली आणि शहाणपणा करून पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली, लॅपटॉपने ढुंकूनही पाहिलं नाही. मग रुफसने (पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू होईल असा तो बनवणारं सॉफ्टवेअर) बनवला तेव्हा सेटअप उघडला, भाषा विचारली, इन्स्टॉल नाऊ दाबलं तर म्हणतो सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर (ती चालवणारं सॉफ्टवेअर) सापडत नाही. अरे ड्राइव्हच नाही तर ड्रायव्हर कुठून आणू! जेल रोडला एका दुकानात दाखवलं तर तो म्हणे मदरबोर्ड गेलाय, ठेवून जा. बाबा रोज रात्री विचारतात झालं का, सध्या कच्च्या वहीवर चाललंय.

जिरावण_मारके:
भिया, मदरबोर्ड गेला असता तर सेटअप उघडला असता का? पेनड्राइव्ह निळ्या पोर्टात लावलाय ना? ते यूएसबी ३, आणि विंडोज ७ आलं २००९ मध्ये, त्याच्या सेटअपमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही. पहिली स्क्रीन येते ती बायोसच्या (विंडोजच्या आधी सुरू होणारा मशीनचा स्वतःचा प्रोग्राम) जोरावर, पुढे सेटअप स्वतः पेनड्राइव्ह शोधायला जातो, त्याला तो दिसत नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात डीव्हीडीच असणार म्हणून तिच्या नावाने रडतो. काळ्या पोर्टात लावा. सगळेच निळे असतील तर बायोसमध्ये एक्सएचसीआय (यूएसबी ३ चा कंट्रोलर) बंद करून बघा. रुफसमध्ये एमबीआर (डिस्कची जुनी मांडणी) ठेवा, बायोसमध्ये लेगसी (जुन्या पद्धतीने सुरू होणं) चालू, सिक्युअर बूट (ओळखीची सिस्टीमच सुरू होऊ देणारं कुलूप) बंद. पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढा, नाहीतर परत भाषा विचारण्यापासून सुरू होईल. वायफाय-लॅनचे ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, नंतर नेटच नसतं. आणि भावाचे फोटो-बिटो आधी काढून घ्या हो, रुफस पेनड्राइव्ह पुसतो तेही लोक विसरतात, माझा आत्याच्या साठीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ असाच गेला, अजून ऐकवते.

रामबागवाला:
पण विंडोज ७ कशाला? १४ जानेवारी २०२० ला सपोर्ट संपला त्याचा. मी जुन्या लॅपटॉपवर मिंट (विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स) टाकलं, पेनड्राइव्हवरूनच, इन्स्टॉल न करताही चालवून बघता येतं. बिलासाठी ७ च लागणार असेल तर निदान त्याला नेट लावू नका, आणि बिलांची कॉपी दुसरीकडे ठेवत जा.

डबल_ई:
वरचा काळ्या पोर्टाचा उपाय २०१३ च्या मशीनला ठीक, पण इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरपासून (२०१५) जुना यूएसबी २ चा कंट्रोलरच काढून टाकलाय, तिथे काळा पोर्टही त्या नव्या एक्सएचसीआयवरच चालतो. अशा लॅपटॉपला यूएसबी ३ चे ड्रायव्हर पेनड्राइव्हवरच्या सेटअपमध्येच घुसवावे लागतात. मी दोन रविवार घालवलेत त्यात.

मल्हारगंज_इंदूर:
झालं!! उजवीकडे एकच काळा पोर्ट होता, त्यात बाबांच्या माउसचा डोंगल लावलेला. एमबीआर-लेगसी आधीच बरोबर होतं, नुसता पोर्ट बदलला आणि तो मेसेज आलाच नाही. सॉफ्टवेअर पण चाललं, नेट लावलेलं नाही रामबागवाले काका. आता बिलाच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची ती रुंद पंचवीस पिनांची केबल हातात घेऊन बसलोय, लॅपटॉपला तसं भोकच नाही. वेगळा प्रश्न टाकतो.