वाड्याच्या चौकात माग हवाच

सोलापुरातल्या जुन्या वाड्यात मुलाबाळांसह फिरता येईल असा हस्तकला बाजार भरवावा, ही सूचना मला पटली. मात्र केवळ विक्रीचे गाळे मांडले, तर त्यात आणि गड्ड्यावरच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेतल्या, दुकानांत फरक तो काय उरणार? चौकात जॅकार्डचा, म्हणजे नक्षी विणण्याच्या यंत्रणेचा, एक हातमाग चालता ठेवावा. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकेक पुठ्ठा पुढे सरकते, भोक असेल तिथला ताण्याचा (उभा) दोरा वर उचलला जातो आणि भौगोलिक मानांकन लाभलेल्या आपल्या सोलापुरी चादरीवरची नक्षी अशी ओळीओळीने उमटते, हे मुलांनी ओसरीवर बसून पाहावे. समजावून सांगायला शहराच्या पूर्व भागातील, पद्मशाली या तेलुगूभाषक समाजातले जुनेजाणते विणकर बोलवावेत. त्यांची तेलुगू वळणाची मराठी ऐकण्यातही मौज असते. माग जड असतो, तेवढा माडीवर मात्र चढवू नये.