वडिलांना घेऊन अर्ध्या दिवसात एखादं बेट: स्वतंत्र होडी आणि नीट सांगणारं माणूस कुठे मिळेल?

स्वारगेटची_लेक

नमस्कार मंडळी. माझे वडील एसटीत चालक होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, वय ७२. स्वारगेट-अलिबाग गाडी त्यांनी बरीच वर्षं चालवली, पण समुद्रात कधी गेले नाहीत. "स्टँडवर चहा प्यायचा, गाडी वळवायची. समुद्राचा वास यायचा तेवढा," असं सांगतात. आता त्यांना एकदा तरी बेटावर न्यायचं आहे.

मागे एका जलदुर्गावर नेलं होतं. होडीत चाळीस माणसं. उतरताना सांगितलं, "पाऊण तासात परत या, नाहीतर होडी सुटेल." वाटाड्या पुढे पळत भुयाराच्या गोष्टी सांगत होता. बाबा तिसऱ्या बुरुजापाशी पोचले आणि मागे वळावं लागलं. परतीच्या होडीत ते काही बोललेच नाहीत, ते माझ्या मनातून जात नाही.

यावेळी फक्त आम्ही चौघे: बाबा, मी, नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा. होडी आमची, वेळ आमची, आणि सोबत तिथलंच माहीतगार माणूस. बाबांचा उजवा गुडघा दुखतो, सपाटीला चालतात, पायऱ्या हळूहळू चढतात. पुण्याहून आदल्या रात्री येऊन मुक्काम करू. जंजिरा, खांदेरी की सिंधुदुर्ग? तीन-चार तासांत मनासारखं होईल का?

देवबागकर

ताई, मी मालवणचा, म्हणून सिंधुदुर्गच सांगणार. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला बांधकाम सुरू झालं, हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली. किल्ल्याच्या पायात शिसं ओतलंय. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, आणि चारी बाजूंनी खारं पाणी. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आहे. तिथल्या मूर्तीला दाढी नाही, बाबांना ते नक्की दाखवा. आत आजही माणसांची घरं आहेत, म्हणून हा किल्ला ओसाड वाटत नाही. आणि आतला बराचसा भाग सपाट, गुडघ्याला बरा.

पण पुण्याहून मालवण म्हणजे अख्खा दिवस प्रवास. अर्ध्या दिवसासाठी एवढ्या लांब येऊ नका, दोन मुक्काम काढून या. आधी किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्याला जा, पायाभरणीची पूजा तिथे झाली होती. तिथून किल्ला बघायचा आणि मग होडीत बसायचं.

मतलई

ताई, मी अलिबागजवळच्या थळची. कोळ्याची मुलगी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. चौथीला शिवचरित्र शिकवताना वर्गाच्या खिडकीतून खांदेरी दिसायची. मुलांना सांगायचे, पुस्तक मिटा आणि तिकडे बघा. आता भावाच्या होडीतून कधीमधी माणसं घेऊन जाते, एका वेळी एकच कुटुंब. त्यामुळे तुम्ही विचारताय ते माझ्या अगदी जवळचं आहे.

चौघांसाठी आणि अर्ध्या दिवसासाठी माझं मत खांदेरी. जंजिरा भव्य आहे यात वाद नाही, पण जंजिऱ्याची होडी सुटते त्या राजपुरीला सुट्टीच्या दिवशी तुम्हाला पुन्हा तीच गर्दी भेटेल. खांदेरीला थळहून होडी करून जावं लागतं, म्हणून तिथे शांतता आहे. किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर.

आता मुख्य गोष्ट. वेळ तुमची, असं तुम्ही लिहिलंत. ताई, होडी तुमची असेल, माणूस तुमचा असेल, वेळ मात्र पाण्याची. बहुतेकांची सहल इथेच फसते. हॉटेलातला नाश्ता दहाला, म्हणून साडेदहाला किनाऱ्यावर येतात. तोवर पाणी उतरलेलं असतं, होडी लांब उभी, गुडघाभर चिखलातून चालायचं. जाऊन येईपर्यंत दुपार होते, खारा वारा सुटतो आणि येताना होडी आपटत येते. मग म्हणतात, समुद्र खराब होता. समुद्र सकाळी चांगलाच होता.

पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो, तो मतलई. त्या वाऱ्यात पाणी तेलासारखं असतं. दुपारी वारा उलटतो. म्हणून सकाळीच जायचं आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत परत फिरायचं. भरतीचा हिशोब आमच्याकडे लहान पोरंही करतात: तिथीची पाऊणपट. द्वादशी असेल तर बारा गुणिले पाऊण म्हणजे नऊ, नऊच्या सुमारास भरती पूर्ण. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. तुमच्यासाठी एकादशी-द्वादशी उत्तम, शुद्ध असो वा वद्य. चढत्या पाण्यात निघायचं, भरलेल्या पाण्यात धक्क्याला उतरायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा बाबांना नको.

बेटाला दोन टेकड्या आहेत, एक बुटकी, एक उंच, आणि मधल्या खोलगट भागात धक्का. उतरल्यावर जवळच वेताळाचं देऊळ. आमचा देव तो. होळीच्या सुमारास आमच्या होड्या सजून त्याच्या दर्शनाला जातात. बाबांना आधी तिथे सावलीत बसवा. इतिहास सांगायची जागाही तीच, कारण समोर मुंबईच्या दिशेचं पाणी पसरलेलं असतं.

मी तिथे एवढंच सांगते. महाराजांनी १६७२ मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला, ते काम तेव्हा अर्धवट राहिलं. १६७९ मध्ये महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी माणसं घेऊन पुन्हा उतरले. मुंबई जेमतेम वीस किलोमीटरवर, इंग्रजांना हे कसं चालणार? त्यांनी गलबतं आणून बेटाभोवती उभी केली. पण इंग्रजांची जहाजं मोठ्या शिडांची, वारा पडला की जागच्या जागी. आपल्या होड्या लहान, वल्ह्यांच्या, कमी पाण्यात चालणाऱ्या. रात्री किनाऱ्यावरून निघायच्या, सामान टाकायच्या आणि उजाडायच्या आत परत. १८ ऑक्टोबरला महाराजांच्या दौलतखानाचं आरमार चालून गेलं, त्यात इंग्रजांचं 'डव्ह' हे गलबत आपल्या हाती लागलं. 'रिव्हेंज' हे गलबत मात्र इंग्रज कप्तान केग्विनने हटू दिलं नाही, हेही मुलांना सांगायला हवं. शेवटी इंग्रजांनी नाद सोडला आणि किल्ला उभा राहिला. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ मध्ये, इंग्रज पुन्हा चालून आले आणि हात हलवत परत गेले.

हे ऐकून झालं की पाण्याकडे बघत दहा मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. ज्या होडीतून तुम्ही आलात ती त्याच जातीची आहे, हे माणसाला आपोआप कळतं. वाटाड्या निवडताना हे जरूर बघा. ज्याला गप्प बसता येतं, तो चांगला.

पुढे तटाच्या कडेने चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या तोफा आहेत. तोफा सगळीकडे असतात, गाड्यासकट क्वचित. एक मोठा दगड आहे, त्यावर दुसरा दगड आपटला की भांड्यासारखा नाद येतो. तुमचा मुलगा तिथून हलणार नाही. उंच टेकडीवर १८६७ चं दीपगृह आहे. वर जायचं तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून. बाबांनी चढायलाच हवं असं नाही, पण वरून शेजारचं उंदेरी बेट, थळचा किनारा आणि हवा स्वच्छ असेल तर मुंबईही दिसते.

पैशाचं: भाव पूर्ण होडीचा ठरतो, माणशी नाही. ठरवताना बेटावर किती तास थांबायचं ते आधीच बोलून घ्या, तुमच्या मागच्या वेळच्या दुःखाचं मूळ तेच होतं. इथे कुणाचा नंबर देत नाही, आदल्या संध्याकाळी थळच्या बंदरावर या आणि होडी डोळ्यांनी बघून ठरवा. जॅकेटं मोजून घ्या, मुलाच्या मापाचं आहे ना ते बघा. जॅकेट नसेल तर कितीही स्वस्त असू दे, बसू नका.

पागोळी

मतलईताई, किती छान लिहिलंत. खांदेरीसोबत उंदेरीही होईल का? शेजारीच तर आहे. आणि जून-जुलैमध्ये हिरवंगार असेल ना, तेव्हा यायचा विचार होता.

मतलई

पावसाळ्यात नको. जून-जुलै मासेमारीच बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. नारळी पौर्णिमेला नारळ दिला तरी प्रवाशांना न्यायचं ते समुद्र निवळल्यावरच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगलं. आणि जानेवारीत आलात तर परत आल्यावर वाडीत कुणाकडे तरी पोपटी लागलेली असेल: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी. ती चुकवू नका.

उंदेरी होडीतून फेरी मारून बघायची. तिथे धक्का नाही. लाटेच्या वर-खाली होण्याचा अंदाज घेऊन खडकावर उडी टाकावी लागते, गुडघेदुखीच्या माणसाचं ते काम नाही. १६८० च्या सुरुवातीला जंजिऱ्याच्या सिद्दीने ती तटबंदी उभारली, खांदेरीला शह म्हणून. समोरासमोर दोन शत्रूंचे किल्ले आणि मध्ये एवढंसं पाणी, हे होडीतूनच जास्त नीट कळतं.

स्वारगेटची_लेक

ताई, तुमचं उत्तर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. "वेळ पाण्याची" यावर ते म्हणाले, "बरोबर आहे, घाटात गाडी आपल्या मर्जीने चालत नाही." देवबागकर, मालवण पुढच्या वर्षी नक्की.

आम्हाला जमणाऱ्या रविवारी वद्य एकादशी आहे. अकरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाआठ, बरोबर ना? मग निघायचं किती वाजता? आणि एक विचारायला संकोच वाटतो, पण बाबांना दर दोन तासांनी लघवीला जावं लागतं. मागच्या वेळी त्यांनी त्या भीतीने सकाळपासून पाणीच घेतलं नव्हतं.

मतलई

हिशोब अगदी बरोबर. साडेसहाला बंदरावर या, पावणेसातला निघू. होडीला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणजे भरतं पाणी असतानाच उतरता. साडेदहाला परत फिरायचं, तेव्हा ओहोटी अर्ध्यावरही आलेली नसते, थळला उतरायला त्रास नाही.

संकोच कसला, सगळ्या घरांतून हा प्रश्न असतो, विचारत कुणी नाही. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कुणाच्याही घरी जाऊन या, आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. बेटावर झाडीचा आडोसा आहे, पुरुषांची सोय होते. त्यांना पाणी पाजा. उन्हात पाणी न पिता फिरणं गुडघ्यापेक्षा वाईट. पिण्याचं पाणी इथूनच न्यायचं, माणशी दोन लिटर, आणि रिकाम्या बाटल्या परत आणायच्या. पायात चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. उतरताना बाबांनी आधी होडीची कड नाही, माणसाचा हात धरायचा. कड लाटेबरोबर हलते.

स्वारगेटची_लेक

रविवारी जाऊन आलो. थोडं लांबलंय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पाणी खरंच तेलासारखं होतं. बाबा पहिली पाच मिनिटं फळीला दोन्ही हातांनी धरून बसले होते. मग मशीनचा आवाज ऐकून मान तिरकी केली आणि ताईंच्या भावाला विचारलं, "नाखवा, नोझल साफ करायला झालंय का?" झालं, तिथून दोघांची गट्टी. डिझेल, गिअर, सुकाणू डावीकडे लोटलं की होडी उजवीकडे का जाते. येताना नाखवांनी दोन-तीन मिनिटं सुकाणू बाबांच्या हातात दिलं. मी फोटो काढला नाही, डोळे भरून आले होते.

वेताळाच्या देवळापाशी ताईंनी ती वल्ह्यांच्या होड्यांची गोष्ट सांगितली आणि खरोखर गप्प बसल्या. मुलगासुद्धा गप्प होता. थोड्या वेळाने बाबाच म्हणाले, "रात्री, दिवा न लावता. म्हणजे वाट हातांना पाठ असणार." त्यांनी अनेक वर्षं रात्रीची गाडी चालवली आहे.

दीपगृहाच्या वाटेवर निम्म्याला ते थांबले आणि एका दगडावर बसले. यावेळी मागे वळा म्हणणारं कुणी नव्हतं. आम्ही वर जाऊन आलो तेव्हा ते तिथेच, किनाऱ्याकडे बघत होते. मला बोट करून दाखवलं, "ती झाडं दिसतात ना, त्याच्या मागे अलिबागचा स्टँड."

आता घरी कालनिर्णयवर पुढच्या दोन महिन्यांच्या एकादशी-द्वादशीला पेन्सिलीने गोल केलेत. आत्याला आणि त्यांच्या दोन जुन्या वाहकांना न्यायचं म्हणतात. ताई, होडीत किती जण बसतील?

मतलई

सात. लहान मूल धरून आठ. जॅकेटं आठच आहेत, त्यामुळे त्याच्या वर एकही नाही. येणाऱ्यांपैकी कुणाला मळमळ होत असेल तर मधल्या फळीवर बसवू, होडीच्या नाकावर कमी हलतं असं लोक समजतात, पण मध्येच कमी हलतं. आणि बाबांना सांगा, नोझल साफ केलंय.